भाषांतराची पेढी आणि तिचे दफ्तर

भाषांतर ही कला आहे की शास्त्र आहे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. भाषांतर हा एक धंदाही आहे, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. न्यायालयात दाखल करावयाचा दस्तऐवज, औषधाच्या वेष्टनातील सूचनापत्र, पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका, परदेशी विद्यापीठाला पाठवावयाचे प्रमाणपत्र, बँकेच्या मोबाइलवरील सूचना, हे सारे कोणीतरी, काही एका दराने, ठरलेल्या दिवसाच्या आत एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेत असतो. हे काम करणाऱ्या लहान लहान पेढ्या आज देशात ठिकठिकाणी आहेत. कचेरीत चार माणसे आणि गावोगावी आपापल्या घरी बसून काम करणारे वीसपंचवीस भाषांतरकार, असा त्यांचा पसारा असतो. अशा पेढीला आपला कारभार सांभाळण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न एक ना एक दिवस पडतोच. वरवर पाहता हा प्रश्न खरेदीचा दिसतो. परंतु पेढीचा प्रामाणिकपणा, भाषांतरकाराची मजुरी आणि अनेक वर्षांच्या श्रमाने जमलेले शब्दधन, या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

या प्रश्नाचा विचार करावयास काशीतील दूधविनायकासारखे दुसरे ठिकाण नाही. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि दूधविनायक या भागांत मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून नांदत आहेत. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि बनारसी बोली, पाठशाळेत संस्कृत आणि कचेरीत इंग्रजी, अशा चार भाषांतून येथील माणसाचा दिवस सरतो. पैठणहून काशीस आलेल्या भट्ट घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक केला, हे सर्वश्रुत आहे. पुढे याच नगरीत १८८३ साली जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी १९२० साली निघालेल्या ‘आज’ या दैनिकाचे संपादन दीर्घकाळ केले आणि हिंदी वृत्तपत्रांच्या भाषेला वळण लावले. सखाराम गणेश देउस्करांचा ‘देशेर कथा’ हा बंगाली ग्रंथ पराडकरांनी हिंदीत आणला. म्हणजे एका मराठी माणसाने बंगालीत लिहिलेले पुस्तक दुसऱ्या मराठी माणसाने हिंदीत नेले. लक्ष्मण नारायण गर्दे यांनी पांगारकरांनी लिहिलेली संतचरित्रे हिंदी वाचकांना उपलब्ध करून दिली. भाषांतर हा या वस्तीचा जणू स्वभावच आहे.

पण येथे आणखी एक परंपरा आहे, आणि ती प्रस्तुत विषयाला अधिक जवळची आहे. ती म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. यात्रेकरूने आपले आडनाव आणि मूळ गाव सांगावे, आणि उपाध्यायांनी नेमकी वही काढून त्याच्या आजापणजाची नोंद दाखवावी, हा अनुभव असंख्य मराठी कुटुंबांनी घेतला आहे. या वहीत चमत्कार काही नाही. कोणती गोष्ट नोंदवावयाची, ती कोणत्या क्रमाने लावावयाची आणि पुढे कोणत्या खुणेने शोधावयाची, हे आधी ठरलेले असते, एवढेच तिचे रहस्य. संगणकावरील कारभाराच्या कोणत्याही प्रणालीचे मर्म याहून निराळे नाही. ज्या पेढीला आपण काय नोंदवतो आणि ते कशासाठी, हे सांगता येत नाही, तिला जगातील सर्वांत महाग सॉफ्टवेअरही तारू शकणार नाही.

तेव्हा प्रथम काम पाहावे, मग साधन पाहावे. दूधविनायकाच्या गल्लीत अशी एक पेढी आहे, असे क्षणभर कल्पू. तिच्याकडे एक काम येते. गिऱ्हाइकाला आधी अंदाजपत्रक हवे असते. त्याने होकार दिला की कामाला क्रमांक द्यावयाचा, मजकूर मोजावयाचा, योग्य भाषांतरकार निवडावयाचा आणि त्याला मुदत कळवावयाची. भाषांतर आले की ते दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावयाचे. भाषांतरसेवेसंबंधी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १७१०० या आंतरराष्ट्रीय मानकात ही दुसऱ्या व्यक्तीची तपासणी आवश्यक मानली आहे. त्यानंतर काम सुपूर्द करणे, बिल पाठविणे, पैसे वसूल करणे, भाषांतरकाराचे व तपासनिसाचे देणे चुकते करणे, आणि त्या कामात निश्चित झालेले शब्द पुढील कामासाठी जपून ठेवणे, इतक्या पायऱ्या उरतात. एक काम चालू असताना या पायऱ्या डोक्यात राहतात. तीस कामे एकाच वेळी चालू झाली म्हणजे कोणते काम कोणाकडे अडले आहे, हे मालकाला सांगता येत नाही. खऱ्या अडचणीचा आरंभ तेथे होतो.

भाषांतराच्या धंद्यातला नफातोटा किती सूक्ष्म असतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. बारा हजार शब्दांची एक यंत्रपुस्तिका आली आहे आणि दर शब्दाला दोन रुपये ठरला आहे. मालकाच्या मनात चोवीस हजार रुपयांचा आकडा उभा राहतो. परंतु मोठी गिऱ्हाइके मजकुराचे पृथक्करण करून पैसे देतात. समजा, त्यातील आठ हजार शब्द नवे आहेत, एक हजार पूर्वी झालेल्या वाक्यांशी मिळतेजुळते आहेत आणि तीन हजार शब्द निव्वळ पुनरुक्तीचे आहेत. नव्या शब्दांना पूर्ण दर, मिळत्याजुळत्यांना अर्धा आणि पुनरुक्तीला पाव दर, असा करार असेल तर हाती येतात अनुक्रमे सोळा हजार, एक हजार आणि दीड हजार, म्हणजे एकूण साडेअठरा हजार. इकडे भाषांतरकाराला सरसकट सव्वा रुपयाच्या आतला, समजा एक रुपया वीस पैसे दर कबूल केला असेल, तर त्याचे होतात चौदा हजार चारशे. तपासनिसाला चाळीस पैशांच्या दराने चार हजार आठशे. खर्च झाला एकोणीस हजार दोनशे. म्हणजे कचेरीचे भाडे आणि वीज धरण्यापूर्वीच पेढीला सातशे रुपयांची खोट आली.

यावर उपाय म्हणून बऱ्याच पेढ्या हीच कपात भाषांतरकाराला लावतात. तसे केल्यास त्याला अकरा हजार शंभर मिळतात आणि पेढीच्या हाती दोन हजार सहाशे उरतात. हिशेब जुळला खरा, पण त्या माणसाचे तीन हजार तीनशे रुपये कमी झाले. पुनरुक्तीची वाक्येही त्याला संदर्भाने वाचावी लागतात, लिंग आणि वचन तपासावे लागते. ही कपात त्याला काम स्वीकारण्यापूर्वी सांगितली असेल तर तो करार म्हणावा, बिल देताना कळली तर तो अन्याय होय. म्हणूनच पेढीने घ्यावयाच्या सॉफ्टवेअरची पहिली कसोटी ही, की अंदाजपत्रक पाठविण्याच्या आधी ते दोन्ही बाजूंचे आकडे एका ठिकाणी दाखवते की नाही, आणि भाषांतरकाराला जाणाऱ्या कार्यादेशात तेच पृथक्करण स्वच्छ उतरते की नाही.

दुसरी कसोटी आपल्या भाषेच्या प्रकृतीतून निघते. इंग्रजीत घराच्या पुढ्यात असणे सांगावयास चारपाच शब्द लागतात. मराठीत ‘घरासमोर’ एवढा एकच शब्द पुरतो, कारण शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहिले जाते. परिणामी इंग्रजीतून मराठीत आलेला मजकूर शब्दसंख्येने बहुधा आटतो आणि मराठीतून इंग्रजीत गेलेला फुगतो. दर मूळ मजकुरावर आहे की भाषांतरावर, याची नोंद प्रत्येक कामात वेगळी ठेवता आली पाहिजे. मोडी कागदांची तर शब्दगणना यंत्राला होतच नाही. तेथे पानावर किंवा तासावर दर लावावा लागतो. जुन्या कृतिदेवसारख्या टंकात लिहिलेला हिंदी मजकूर डोळ्यांना नागरी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. तो युनिकोडमध्ये परिवर्तित केल्यावाचून त्याचा शोध, जुळणी, स्मृती यांपैकी काहीच साधत नाही. जी प्रणाली केवळ शब्द हेच एक परिमाण जाणते, किंवा बिलावर देवनागरी नाव आले की चौकोन छापते, ती कितीही गाजलेली असली तरी दूधविनायकाच्या उपयोगाची नाही.

तिसरी कसोटी कायद्याची. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. सेवा देणाऱ्या पेढीची वार्षिक उलाढाल वीस लाखांपलीकडे गेली की साधारणतः नोंदणी करावी लागते. मग काशीच्या पेढीने लखनौच्या गिऱ्हाइकाला बिल केले तर केंद्राचा व राज्याचा असे दोन कर, पुण्याच्या गिऱ्हाइकाला केले तर एकात्मिक कर, आणि परदेशातील गिऱ्हाइकाला केले तर, योग्य ते हमीपत्र आधी दिले असल्यास, कर भरल्यावाचून निर्यात. भाषांतरकारांना द्यावयाच्या रकमेतून ठरावीक मर्यादेपुढे प्राप्तिकर कापावा लागतो, तो वेगळाच. पेढी कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून तिचे हिशेबाचे सॉफ्टवेअर असे असावे लागते, की प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद त्यात आपोआप राहील आणि ती कोणाला बंद करता येणार नाही. हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपण्याचे बंधनही कंपनीवर आहे. उलट, कायदा पेढीच्या बाजूनेही उभा राहतो. सूक्ष्म व लघु उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या अशा उद्योगाचे देणे गिऱ्हाइकाला ४५ दिवसांपलीकडे लांबविता येत नाही, लांबविल्यास व्याज द्यावे लागते. पण त्या हक्काचा लाभ कोणाला? काम कोणत्या दिवशी सुपूर्द केले आणि गिऱ्हाइकाने ते कधी स्वीकारले, हे ज्याच्या दफ्तरात लिहिलेले आहे त्यालाच.

या कसोट्या हाती आल्यावर बाजारातील साधनांकडे वळावे. त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. पहिला वर्ग साध्या तक्त्यांचा. एक्सेल किंवा फुकट मिळणारे लिब्रऑफिस प्रत्येकाला परिचित असते, आणि आठदहा कामांपर्यंत शिस्तीने ठेवलेला तक्ता उत्तम चालतो. त्याचा दोष असा, की तोच तक्ता तिघांनी तीन ठिकाणी साठविला की खरा कोणता, हे कळत नाही. दुसरा वर्ग हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा. १९८६ साली सुरू झालेल्या भारतीय कंपनीचे टॅली हे त्यातील सर्वांना ठाऊक असलेले नाव. ते चालविणारा कारकून आणि समजणारा सनदी लेखापाल प्रत्येक शहरात मिळतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. कर, येणे, देणे, ताळेबंद हे त्याचे क्षेत्र. कोणत्या भाषांतरकाराकडे कोणता मजकूर गेला आहे, हे त्याचे क्षेत्र नव्हे.

तिसरा वर्ग सर्व खात्यांना एकत्र जोडणाऱ्या सर्वसाधारण प्रणालींचा. मुंबईत विकसित झालेली ईआरपीनेक्स्ट आणि बेल्जममध्ये जन्मलेली ओडू ही त्यांची उदाहरणे. ईआरपीनेक्स्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे, ओडूची मूळ आवृत्तीही तशीच आहे. येथे सॉफ्टवेअरला मूल्य पडले नाही तरी ते आपल्या कामाच्या मापाने बेतणाऱ्या माणसाला पडते, आणि तो माणूस निघून गेला तर पुढे काय, हा विचार आधी करावा लागतो. चौथा वर्ग केवळ भाषांतरपेढ्यांसाठी रचलेल्या प्रणालींचा. जर्मनीतील प्लुनेट, पोलंडमधील एक्सटीआरएफ, युक्रेनमधील प्रोटेमॉस अशी त्यांची नावे आहेत. शब्दगणना, मुदती, भाषांतरकारांची सूची, निरनिराळी चलने यांची व्यवस्था त्यांत आरंभापासूनच असते. मात्र त्यांची घडण युरोपातील व्यवहारावर झालेली आहे. आपल्या कराचे बिल त्यांत नीट उतरते का, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून विश्वास ठेवू नये. शिवाय वर्गणी परकीय चलनात भरावी लागली तर विनिमयाचा दर वाढेल तसा खर्च वाढतो, आणि परदेशी सेवा घेतल्याबद्दलचा कर नोंदणीकृत पेढीला येथे स्वतःच भरावा लागतो.

या चार वर्गांशी एका पाचव्या साधनाची गल्लत फार होते. ते म्हणजे भाषांतरस्मृतीचे साधन. १९८४ साली स्टुटगार्टमध्ये सुरू झालेल्या कंपनीचे ट्रॅडॉस, हंगेरीतील मेमोक्यू आणि मुक्त असलेले ओमेगाटी ही त्या जातीची. पूर्वी केलेली वाक्ये जोडीने साठवून ती पुन्हा पुढ्यात ठेवणे हे त्यांचे काम. कारभाराचे सॉफ्टवेअर माणसे आणि पैसे सांभाळते, स्मृतीचे साधन शब्द सांभाळते. विक्रेता एकाचे गुण सांगून दुसरे गळ्यात बांधत नाही ना, हे पाहिले पाहिजे. दोन्ही हवीत, आणि एकातील शब्दगणना दुसऱ्यात हाताने न लिहिता नेता यावी.

शब्द सांभाळण्याचे महत्त्व मराठी माणसाला परक्याकडून शिकावयास नको. शिवछत्रपतींनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशात राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने, जिची स्थापना १८९३ सालची, आपला हिंदी शब्दसागर शब्दांच्या चिठ्ठ्या जमवून सिद्ध केला. लहान पेढीचीही अशीच एक परिभाषा तयार होत असते. एखाद्या बँकेच्या कामात कोणता शब्द मान्य झाला, एखाद्या औषधाच्या पत्रकात कोणता टाळावयाचा ठरला, हे तिचे खरे भांडवल. ते कोणाच्या मालकीच्या कपाटात ठेवले आहे? जी प्रणाली शब्दकोश आणि स्मृती टीएमएक्ससारख्या सर्वमान्य स्वरूपात, आणि गिऱ्हाइकांची व कामांची यादी साध्या तक्त्याच्या रूपात, मागताक्षणी परत देते ती घ्यावी. जी देत नाही ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. विकणारी कंपनी उद्या बंद पडेल, दुसरीत विलीन होईल किंवा दर दुप्पट करील. त्या दिवशी वही आपल्या हाती असली पाहिजे.

गोपनीयता ही याच प्रश्नाची दुसरी बाजू. भाषांतरकाराच्या हाती लोकांची मृत्युपत्रे येतात, घटस्फोटाचे कागद येतात, रोगाचे निदान येते. असा कागद यंत्रभाषांतराच्या कोणत्याही फुकट ठिकाणी नेऊन टाकणे म्हणजे तो चव्हाट्यावर ठेवण्याचा धोका पत्करणे होय. २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. पण कायदा नसता तरीही हा विश्वासाचा व्यवहार आहे, हे काशीच्या उपाध्यायाला सांगावे लागले नसते. म्हणून कोणत्या माणसाला कोणता कागद उघडता येईल, हे ठरविण्याची सोय प्रणालीत असावी, आणि ती सोय वापरण्याची सवय कचेरीत असावी.

प्रत्यक्ष निवडीचा मार्ग साधा आहे. पेढीने आपली मागील दहा कामे घ्यावीत. त्यांत एक परदेशी गिऱ्हाइकाचे, एक पानाच्या दराचे, एक तिघांत वाटलेले आणि एक रद्द झालेले काम अवश्य असावे, कारण सरळ काम कोणतेही सॉफ्टवेअर करून दाखवते, परीक्षा होते ती वाकड्या कामात. ही दहा कामे दोन निवडक प्रणालींत आरंभापासून बिलापर्यंत चालवून पाहावीत. विक्रेत्याने दाखविलेल्या नमुन्यावर भिस्त ठेवू नये, आणि ही चाचणी मालकाने न करता रोज नोंदी करणाऱ्या माणसाने करावी. खर्च पहिल्या वर्षाचा न धरता तीन वर्षांचा धरावा. त्यात वर्गणी, शिकवणी, जुनी माहिती भरण्याचा वेळ आणि दुरुस्ती ही सारी मोजावीत. निवड झाल्यावर तीन महिने जुना तक्ता आणि नवी प्रणाली जोडीने चालवावी. महिनाअखेर दोन्हींची बेरीज जुळली नाही, तर चूक कोठे आहे हे सापडल्यावाचून जुना तक्ता सोडू नये.

ज्या पेढीत एका वेळी दहाच्या आत कामे असतात, तिने टॅली, एक नीट आखलेला तक्ता आणि ओमेगाटी एवढ्यावर खुशाल भागवावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कामे तिसाच्या पुढे गेली, भाषांच्या जोड्या वाढल्या आणि मुदती चुकू लागल्या, की चौथ्या वर्गातील प्रणाली किंवा नीट बेतून घेतलेली तिसऱ्या वर्गातील प्रणाली आपला खर्च भरून काढते. उलाढालीच्या आकड्यापेक्षा चुकलेल्या मुदतींची आणि उशिरा दिलेल्या मजुरीची संख्या हाच त्या वेळेचा खरा संकेत समजावा.

यंत्र आज वाक्यांचा पहिला खर्डाही करून देऊ लागले आहे, आणि दर शब्दाला किती हा जुना हिशेब त्यामुळे डळमळू लागला आहे. उद्या शब्दांऐवजी तपासणीच्या तासांवर मोल ठरेल अशी चिन्हे दिसतात. तसे झाले तर कोणी किती वेळ दिला, कोणाच्या नजरेने कोणती चूक पकडली, याची नोंद अधिकच मोलाची ठरेल. भाषांतरकाराचे नाव छापील पानावर क्वचितच येते. निदान पेढीच्या दफ्तरात तरी ते त्याच्या कामाच्या आणि त्याच्या मोबदल्याच्या समोर स्पष्ट लिहिलेले असावे. जे साधन हे काम बिनचूक करील ते त्या पेढीपुरते योग्य साधन, मग त्याचे नाव कोणतेही असो.